बाईंनी भरलेली शेवटची बरणी

मित्रांनो, मी एक जुनी बरणी आहे. काचेची, रुंद तोंडाची, पत्र्याच्या झाकणाची. माझ्या बुडाशी एक बारीक बुडबुडा आहे. भट्टीत मी वितळलेल्या वाळूचा गोळा होते, तेव्हा आत शिरलेली हवा अजून तिथेच आहे. वाळूची काच होते हे मी स्वतः भोगलं आहे, तरी मला ते खरं वाटत नाही.

त्याहून मोठं नवल मी पुढे पाहिलं.

एका बाईंनी आम्हा बारा बरण्यांना घरी आणलं. त्यांचे यजमान सुतारकाम करत. सगळे त्यांना मिस्त्री म्हणत, बाईसुद्धा. मिस्त्रींनी स्वयंपाकघरात खिडकीसमोर आमच्यासाठी फळी ठोकली. तिथून मागची बाग दिसे. बाग कसली, चार वाफे. बाई कागदाच्या पुडीतून टोमॅटोचं बी काढून पेरत. ते बी तुम्ही पाहिलं आहे का? बोटाला चिकटलं तर सापडत नाही. त्यातून बाईंच्या खांद्याला लागेल एवढं झाड येई आणि एकेका झाडाला टोपलीभर फळं लागत. दर वर्षी मला वाटे, यंदा हे काही जमायचं नाही. दर वर्षी जमे.

उन्हाळा सरत आला की टोमॅटो बादल्यांनी घरात येत. बाई त्यांची सालं काढून रस शिजवत. आम्हाला गरम पाण्यात बसवत, म्हणजे कढत रस ओतला तरी आम्ही तडकत नसू. मग झाकणं लावून आम्हाला मोठ्या पातेल्यात उकळत आणि टॉवेलवर ओळीने गार करायला ठेवत. गार होताना एकेक झाकण आत ओढलं जाई आणि 'टक्' असा आवाज होई. आवाज झाला की ती बरणी नीट बंद झाली. बाई स्टुलावर बसून ते आवाज मोजत.

"झालं का?" मिस्त्री दारातून विचारत.

"नऊ झाले. बोलू नका."

"मी कुठे बोललो?"

"मग आत्ता कोण बोललं, पातेलं?"

थंडीत वाफे उघडे पडत. तेव्हा आमच्यातली एकेक उघडली जाई आणि ताटात उन्हाळा येई. सहा-सहा महिने मी तो पोटात धरून उभी राहायचे, आणि तो जसाच्या तसा राहायचा. कसा, ते मला अजून उमगलेलं नाही.

मग एका थंडीत बाई आजारी पडल्या आणि गेल्या. त्यांनी भरलेल्या बरण्यांपैकी मी एकटी उरले. मिस्त्री मला रोज फळीवरून काढत, पुसत आणि परत ठेवत. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत.

बाईंनी राखलेलं बी पुडीत होतं. ते मिस्त्रींनी पेरलं. पेरताना त्यांचं लक्ष नव्हतं, पण बियाला त्याचं काय? झाडं आली, लाल झाली, वाकली. मिस्त्रींनी माझ्या मैत्रिणी भरल्या. आठ दिवसांत रस आंबला आणि त्यांची झाकणं फुगली. सगळा रस टाकून द्यावा लागला. दुसऱ्या खेपेलाही तेच. आता पिकलेली फळं वाफ्यातच गळून सडू लागली.

तेव्हा त्यांची लेक आली.

"बाबा, आई रसात काय घालायची?"

"मीठ."

"आणि?"

"मला काय ठाऊक? मला ताटात मिळायचं."

"चाळीस वर्षं?"

"चाळीस वर्षं. आणि गरम मिळायचं."

लेकीने माझ्याकडे पाहिलं. "ही उघडू या. चाखून कळेल."

"ती राहू दे. तिनं भरलेली आहे."

"बाहेर सडतायत ते पण तिच्याच बियाचे आहेत, बाबा."

त्या दिवशी मिस्त्री नीट जेवले नाहीत. दुसऱ्या सकाळी ते वाफ्यांमधून सावकाश फिरले, खाली पडलेली फळं उचलली, आत येऊन हात धुतले आणि मला फळीवरून काढलं. चमच्याच्या टोकाने झाकणाची कड उचलली. फस् करून हवा आत शिरली.

मित्रांनो, मी काच आहे, मला वास काय कळणार? पण मिस्त्रींचा चेहरा मी पाहिला. गेल्या वर्षीची एक अख्खी दुपार त्यांच्यासमोर उभी होती.

मग त्यांनी रस वाडग्यात ओतला. माझ्या तळाशी लिंबाच्या दोन चकत्या होत्या.

"लिंबू," लेक म्हणाली. "त्याच्या आंबटपणानं रस टिकत असणार. वाढायच्या आधी आई चकत्या काढून टाकत असणार."

"मला कधी बोलली नाही."

"तुम्ही कधी विचारलंत?"

"नाही," मिस्त्री म्हणाले. मग दोघांनी तो रस पावाला लावून खाल्ला. मिस्त्रींनी वाडगं बोटाने पुसून घेतलं.

त्याच दुपारी सगळ्या बरण्या भरल्या, लिंबासकट. मीसुद्धा. या खेपेला झाकणं फुगली नाहीत.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणी असं काही भरून ठेवत असेल, तर आजच त्यांच्याजवळ जाऊन बसा. काय घालता, किती घालता, ते विचारा आणि त्यांच्या हाताखाली दोन कामं करा. आणि आम्हाला नुसतं पुसून ठेवू नका, वेळेवर उघडा. मी रिकामी झाले तेव्हा मला भीती वाटली होती, की आता बाईंचं माझ्यात काही उरलं नाही. पण त्या दुपारी आम्हाला भरताना मिस्त्री लेकीला सांगत होते, "अगं, दोन चकत्या घाल, एक नको." तेव्हा माझी भीती गेली.