तीन वर्षं अडकलेला प्लग

मित्रांनो, लोणावळ्याजवळच्या औंढे गावात कस्तुराबाईंचं घर आहे. घरामागे गोठा आहे. त्या गोठ्याच्या कोपऱ्यात लोखंडी चौकटीत बसवलेला एक जुना पाण्याचा पंप तुम्हाला दिसेल. तो मी. पेट्रोलवर चालणारा, दोरी ओढून सुरू करायचा. माझ्यासारखे पंप आता फारसे कोणी वापरत नाही.

पंचवीस वर्षांपूर्वी कस्तुराबाईंचे यजमान दत्तोबा यांनी मला पुण्याच्या दुकानातून घेतलं आणि एसटीच्या टपावर बांधून गावी आणलं. मी घसरेन अशी त्यांना इतकी काळजी, की कामशेतला गाडी थांबताच ते टपावर चढले आणि दोर पुन्हा आवळून आले. कंडक्टर रागावला. दत्तोबांनी ते मुकाट्याने ऐकून घेतलं.

ओढ्याच्या डोहावर माझी जागा होती. डोहातलं पाणी मी वरच्या शेतात चढवायचो. तिथे काकडी, मेथी, कोथिंबीर व्हायची आणि कस्तुराबाई ती लोणावळ्याच्या बाजारात नेऊन विकायच्या. माझा आवाज गावाच्या वेशीपर्यंत जायचा. तो ऐकला की दत्तोबा शेतात आहेत हे लोकांना कळायचं.

माझ्या डोक्यावर, ज्याला मेकॅनिक हेड म्हणतात तिथे, एक प्लग बसवलेला असतो. वरून पांढऱ्या चिनी मातीचा, खाली लोखंडी आट्यांचा. आत ठिणगी पाडायची एवढंच त्याचं काम, पण ती ठिणगी पडली नाही तर मी नुसतं लोखंड. दत्तोबा दर हंगामाला तो प्लग उघडायचे, पॉलिश पेपरने घासायचे, आट्यांना बोटाने तेल लावायचे आणि आधी हाताने बसवून मगच पाना लावायचे. हे करताना ते माझ्याशी काहीबाही बोलायचे. शेतीबद्दल, गुडघ्याच्या दुखण्याबद्दल, सार्थक या आपल्या मुलाबद्दल.

मग दत्तोबा आजारी पडले आणि महिन्याभरात गेले.

त्यानंतर दोन पावसाळे माझ्याकडे कोणी बघितलं नाही. सार्थक तोवर उर्शाच्या बाजूला एका कारखान्यात लागला होता. एका सुट्टीच्या दिवशी कस्तुराबाईंनी त्याला सांगितलं, की बाबांचा पंप जरा बघ. त्याने मला डोहावरून अंगणात आणलं आणि दोरी ओढून ओढून पाहिली. मी काही सुरू झालो नाही. प्लग बदलावा म्हणून तो पाना घेऊन आला. पाना नेमक्या मापाचा नव्हता, प्लग गंजून घट्ट बसलेला. त्याने पान्याला लांब पाइप लावला आणि सगळा भार टाकला.

कट् असा आवाज झाला. प्लगचा वरचा भाग त्याच्या हातात आला. आट्यांचा भाग माझ्या हेडमध्येच राहिला.

 सार्थकने शर्टाच्या बाहीने डोळे पुसले, माझ्यावर एक पोतं टाकलं आणि घरात जाऊन आईला सांगितलं, की पंप संपला, आतून गेला. ओसरीवरून कस्तुराबाईंचा आवाज मला ऐकू आला. त्या फक्त “व्हय?” म्हणाल्या. पुढच्या महिन्यात सार्थकने डोहावर विजेची मोटर बसवून दिली, आणि मला गोठ्यात आणून ठेवलं.

मित्रांनो, ती तीन वर्षं मी कशी काढली ते सांगणं अवघड आहे. पोत्याखाली उजेड यायचा नाही. वरती कोंबड्या बसायच्या. लांबून मोटरीची बारीक घरघर ऐकू यायची आणि माझ्या ओळखीचं पाणी दुसरंच कोणी चढवतंय हे कळायचं. सकाळी कस्तुराबाई गाईची धार काढायला यायच्या, पण या कोपऱ्याकडे पाठ करून बसायच्या. धनी गेला, मागोमाग त्याचा पंपही गेला, असं त्यांनी मनाशी धरलं होतं.

सार्थक मात्र गोठ्यात पाऊलही टाकेना. आधी तो मुक्कामाला यायचा. मग जेवून निघू लागला. मग अंगणातूनच गाडी वळवू लागला. कंपनीत लय काम असतं, असं कस्तुराबाई शेजारणीला सांगायच्या. खरं कारण घरात फक्त मला माहीत होतं, आणि मला बोलता येत नव्हतं.

यंदा एप्रिलमध्ये शिवारातली डीपी जळाली आणि वीज गेली. एक दिवस, दोन दिवस, पाच दिवस. काकडीचे वेल ऐन फुलात होते. कस्तुराबाई हंड्यांनी पाणी वाहू लागल्या. साठीची बाई किती वाहणार? सहाव्या दिवशी त्या गावातल्याच भिकाजींकडे गेल्या. भिकाजी लोणावळ्याला रेल्वेत फिटर होते. आता निवृत्त झालेले, बायको वारलेली, घरात एकटेच. कोणाचा पंप चार दिवस मिळेल का, असं कस्तुराबाईंनी विचारलं. भिकाजींनी उलट विचारलं, दत्तोबाचा पंप कुठं आहे? तो संपला, असं कस्तुराबाईंनी सांगितलं. मला एकदा दाखवा, असं म्हणत भिकाजी पिशवी घेऊन उठलेच.

त्यांनी पोतं काढलं तेव्हा उजेडाने मी गांगरलो. त्यांनी फडक्याने माझं डोकं पुसलं, चष्मा लावून नीट बघितलं.

“वहिनी, ह्यो पंप मेला न्हाई,” ते म्हणाले. “प्लग तुटून आत अडकलाय. बाकी समदं जागच्या जागी हाय.”

“सार्थक तर म्हणला, आतनं गेलाय.”

 माझ्या हेडवर पाना घसरल्याचे ओरखडे होते, त्यावरून भिकाजींनी नुसतं बोट फिरवलं. कस्तुराबाईंनी ते पाहिलं. त्या गव्हाणीच्या कडेला बसल्या. थोड्या वेळाने त्यांनी मुलाला फोन लावला, प्लग तुटलाय हे सांगितलं आणि उद्या सकाळी ये, एवढंच म्हणाल्या.

भिकाजींनी अडकलेल्या तुकड्याभोवती गंज सोडवणारं तेल सोडलं आणि सकाळपर्यंत कोणी हात लावायचा नाही, असं बजावून ते गेले.

सकाळी सार्थक आला. गोठ्याच्या दारात उभा राहिला. भिकाजींनी एक शब्द न विचारता त्याला समोर बसवलं. पेट्रोलची टाकी सोडून लांब नेऊन ठेवायला लावली. तुटक्या प्लगमधले चिनी मातीचे कपचे त्यांनी तारेच्या आकड्याने एकेक करून बाहेर काढले. मग भोकात ग्रीस भरलं, म्हणजे लोखंडाचा कीस माझ्या आत न पडता ग्रीसलाच चिकटेल. कस्तुराबाईंनी चुलीवरचं उकळतं पाणी आणून माझ्या डोक्यावर हळूहळू ओतलं. भिकाजींनी एक चौकोनी, टोकाला निमुळता पोलादी दांडा भोकात हलक्या हाताने ठोकून बसवला आणि त्यावर पाना चढवला.

“फिरव,” ते सार्थकला म्हणाले.

सार्थकने दात आवळून जोर लावला. भिकाजींनी लगेच त्याच्या मनगटावर हात ठेवला. “जोर नको. इतकी वर्सं बसलाय त्यो. जरासा फिरव, थांब, परत मागं घे. आन् तेल सोड.”

जरा पुढे, जरा मागे. तेल. पुन्हा गरम पाणी. ऊन गोठ्याच्या दारातून आत आलं तरी काही हललं नाही. मला वाटलं, आता हे दोघंही उठतील. पण कोणी उठलं नाही. आणि मग माझ्या डोक्यात कुर्र असा बारीक आवाज झाला. सार्थकचा हात थांबला. त्याने भिकाजींकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. फेऱ्यामागून फेरा देत तो गंजलेला तुकडा वर आला आणि सुटला.

सार्थकने तो तळहातावर घेऊन आईपुढे धरला.

“आई, हा माझ्याच हातून तुटला. तुला सांगायला मला तोंड नव्हतं.”

कस्तुराबाईंनी तो तुकडा हातात घेतला. “म्हणून तीन वर्सं अंगणातनं परत जात व्हतास?” त्या म्हणाल्या. “प्लगच तुटला व्हता ना रं. मला वाटलं, मीच तुला नकोशी झाले.”

 भिकाजी उगाचच पिशवीत काहीतरी शोधू लागले.

मग त्यांनी माझ्या आतलं ग्रीस पुसून काढलं, आटे साफ केले. सार्थकने येताना आणलेला नवा प्लग आधी हाताने बसवला, मगच पाना लावला. टाकी परत बसवली, ताजं पेट्रोल भरलं आणि मला डोहावर नेलं. चौथ्या ओढीला ठिणगी पडली. मी खोकलो, काळा धूर टाकला आणि चालू लागलो. पाइपातून गढूळ पाणी आलं, मग स्वच्छ. कस्तुराबाई पदर खोचून सरीत उतरल्या आणि पाणी वळवू लागल्या. निम्मे वेल जगले. निम्मे गेले ते गेलेच.

चार दिवसांनी वीज आली. मोटर पुन्हा सुरू झाली आणि मी गोठ्यात परतलो. सार्थक आता महिन्यातून एकदा मुक्कामाला येतो. माझा प्लग उघडून साफ करतो. भिकाजी कधीतरी चहाला येतात. एरवी दिवस लांबच लांब असतात. गाय रवंथ करते, मी ऐकतो. दत्तोबांसारखं माझ्याशी कोणी बोलत नाही, आणि आता कोणी बोलेल असंही वाटत नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा, एवढंच सांगून मला थांबता आलं असतं. पण माझी विनंती थोडी वेगळी आहे. तुमच्या हातून काही मोडलं, तर ते त्याच दिवशी घरात सांगा. तुकडा सकाळभरात निघतो. घरातलं माणूस मात्र तीन वर्षं स्वतःलाच दोष देत बसलेलं असतं.