निळी नखं

वारत हे माझ्या सासूचं नाव. तिला आम्ही सगळे 'इन्या' म्हणायचो, म्हणजे आई. सात वर्षं तिला फक्त उजेड आणि अंधार तेवढा कळत होता. तरी सूत रंगवायच्या निळीचं मडकं तिच्यासारखं आमच्या बेटावरच्या कोडी भागात कुणाला जमत नसे. वास घ्यायची, बोट बुडवून जिभेवर ठेवायची आणि म्हणायची, "अजून रुसलंय. चुना घाल."

निळीचं काम बायकांचं. पुरुषानं त्या झोपडीत पाऊल टाकायचं नाही आणि त्याच्यासमोर निळीचा शब्दही काढायचा नाही. काढला तर मडकं नासतं, आणि जिनं काढला तिच्याकडे पुन्हा कुणी सूत रंगवायला देत नाही.

चाळीस वर्षांपूर्वी चर्चच्या शाळेत डोळ्यांचं शिबिर आलं. साठ जणांच्या मोतीबिंदूचा खर्च कुठल्याशा दूरच्या देशातल्या लोकांनी उचलला होता. इन्याला डोळ्यापेक्षा त्याचंच कुतूहल.

"योस्तिना, त्यांनी माझं तोंड तरी पाहिलंय का?"

"नाही."

"मग बदल्यात काय मागतील? रेडा?"

"काही नको म्हणतात."

"अशांचीच भीती वाटते बाई. तुझा बापही लग्नात काही नको म्हणाला होता. मग तुझ्या बदल्यात आमचे सात रेडे हाकत नेले."

परक्या माणसासमोर जायचं म्हणून तिनं आठ दिवस राख आणि लिंबानं हात घासले. कोपरापर्यंतचा रंग उतरला. नखांतला तेवढा उतरेना. आम्ही त्याकडे लक्षच दिलं नाही.

डॉक्टर जावाहून आलेला. त्यानं तिचे डोळे पाहिले, मान डोलावली, मग हात हातात घेतला आणि थबकला. धाप लागते का, पाय सुजतात का, विचारत सुटला. नळी लावून छाती ऐकली.

"छाती बरी वाटते," तो मला इंडोनेशियन भाषेत म्हणाला, "पण नखं निळी पडलीत. हृदयाचं दुखणं असणार. डोळा चिरताना काही झालं तर इथं माझ्याकडे साधन नाही. शहरात तपासून घ्या." आणि त्यानं यादीतलं तिचं नाव खोडलं.

शिबिर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उठणार होतं. पुन्हा कधी येईल, कुणाला ठाऊक? मी इन्याला सगळं सांगितलं. तिनं माझं मनगट घट्ट धरलं.

"बोलायचं नाही."

डॉक्टर, त्याचा मदतनीस, शेजारी उभे असलेले चर्चचे गुरुजी, सगळे पुरुष. इंडोनेशियन इन्याला कळत नव्हती. मी पटकन सांगून मोकळी झाले असते. पण निळीला सगळ्या भाषा कळतात असं मला लहानपणापासून वाटायचं. तोंड उघडेना.

"इन्या, मग डोळा गेला."

"जाऊ दे. मडकं तरी राहील."

असं म्हणाली खरी, पण खुर्चीवरून उठेना.

मला काय सुचलं कोण जाणे. मी खाली वाकले, तिचा पाय उचलला आणि डॉक्टरच्या टेबलावर, थेट त्याच्या कागदांवर ठेवला.

"अगं ए, वेडी झालीस का?" गुरुजी ओरडले. "साहेबांच्या तोंडासमोर पाय!"

"माझा पाय कुठं निघाला?" इन्यानं खुर्चीची कड धरली.

"साहेब, नखं बघा," मी म्हणाले. पायाच्या नखांवरचा चिखल मी लुंगीच्या टोकानं पुसला. नखं गुलाबी होती. डॉक्टरनं अंगठा दाबला, नख पांढरं पडलं, सोडल्यावर पुन्हा गुलाबी झालं. मग त्यानं कापूस स्पिरिटमध्ये बुडवून तिच्या हाताचं बोट घासलं, आणि कापसाचा वास घेतला.

"हे आहे तरी काय?"

मी त्याच्या कागदांवर सांडलेला चिखल पुसू लागले.

"काय विचारतोय?" इन्या म्हणाली. मी सांगितलं.

"त्याला म्हणावं, तुझ्या आईला विचार."

मी तसंच सांगितलं. गुरुजींनी कपाळाला हात लावला. डॉक्टर मात्र हसला; हृदयाचं दुखणं नाही एवढं त्याला कळलं होतं. त्यानं खोडलेल्या नावाखाली तेच नाव पुन्हा लिहिलं.

त्याच दिवशी त्यानं डोळा चिरला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी निघाली. डॉक्टरनं बोटं समोर धरली.

"तीन," इन्या म्हणाली. "आता ती खाली घे, तुझं तोंड दिसत नाहीये." मग मला म्हणाली, "हा? या पोरानं चिरलं? आधी दिसलं असतं तर मी आलेच नसते."

मला घरी निघायची घाई होती. ती हलेना. पडवीत बाकांवर तीस-चाळीस माणसं डोळ्यांवर पट्ट्या घेऊन बसली होती. कुणाच्या तोंडाकडे असं टक लावून बघणं आमच्यात वाईट समजतात. पण तिथं बघणारी ती एकटीच होती. ती एकेकापुढे वाकून, अगदी नाकाला नाक लागेल इतकी जवळ जाऊन, निवांत बघत चालली. कोण म्हातारं झालं, कुणाचे दात गेले.

"ही मार्सेला? किती सुकली गं!"

"इन्या, हळू! त्यांना ऐकू येतं."

"कोण आहे तिथं?" बाकावरच्या म्हाताऱ्यानं विचारलं.

इन्यानं तोंडावर हात दाबला आणि पाय न वाजवता पुढच्याकडे सरकली.