न फोडलेला शिक्का

आमच्याकडे माणूस गेला की त्याच्या नावाचा शिक्का दगडानं फोडून कबरीत टाकतात. न फोडल्यास मेलेल्याचा शब्द संपत नाही. दुष्काळाच्या हिवाळ्यात माझे वडील मीरखान गेले, तेव्हा खड्डा खणायलाही अंगात त्राण नव्हतं. कसंबसं पुरलं, शिक्का मात्र न फोडता माझ्याच कमरबंदात राहिला. आळस म्हणा, माया म्हणा.

दोन वर्षांनी इंग्रज साहेबाचा निरोप आला. आम्हा कुर्दांना स्वतःचं राज्य हवं असेल, तर खोऱ्यातल्या बाराही गावांच्या मुख्यांनी अर्जावर शिक्के उठवावेत. एक जरी कमी पडला तरी मुलूख बगदादला जोडला जाईल. आमच्या गावाला तर वडिलांनंतर मुख्यच उरला नव्हता.

"मिर्झा, तुझ्या बापाचा शिक्का आहे ना? उठव," शेजारच्या गावचे मुख्य बापीर आगा म्हणाले.

"आगा, मेलेल्या माणसाला साक्षीला ओढू?"

"जिवंतांना कोण विचारतंय रे? उठव मुकाट्यानं!"

मी पडलो अर्ज लिहिणारा. पण राज्य मलाही हवंच होतं. उठवला.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी साहेब स्वतः आला आणि आगांच्या अंगणात एकेकाचं नाव पुकारू लागला.

"मीरखान!"

"हजर."

दारात वडील उभे होते. अंगावर कफन, पायांना ओली माती. साहेबानं मान वर न करता कागदावर खूण केली. आगांच्या हातातला चहा सांडला.

साहेब गेला, वडील गेले नाहीत. रोज दुपारी आमच्या उंबऱ्यावर येऊन बसायचे. आई आतून कडी लावून रडायची.

"उत्तर आलं का रे?"

"नाही, बाबा."

शिक्का फोडला की ते सुटले असते, पण मग अर्जावरची साक्षही गेली असती. म्हणून मी तीन वर्षं बापाला तसंच बसवून ठेवलं. लाज वाटायची, तरी ठेवलं.

मग एका खेचरवाल्यानं बातमी आणली. दूर कुठल्याशा तळ्याकाठच्या शहरात मोठ्या राज्यांनी तह केला होता. त्यात आमचं नावच नव्हतं.

मी शिक्का उंबऱ्यावर ठेवला, दगड उचलला. वडिलांनी माझं मनगट धरलं. त्यांचा हात थंडगार होता.

"थांब, पोरा. अजून त्यांनी मला विचारलंच कुठे?"

मी दगड खाली ठेवला. मला त्यांचं मन मोडवेना.