ब्रेक तिसऱ्यांदा दाबा

पिकअप रोपवाटिकेच्या फाटकातून आत आली ती थेट गुलाबाच्या कुंड्यांवर चढली, आणि त्या क्षणापासून घरातल्या प्रत्येकाला भिंगरीच्या पायांविषयी बोलायला कंठ फुटला.

कुणाला खरचटलंसुद्धा नव्हतं. कुंड्यांचा मात्र पार चुरा झाला होता. भिंगरी सांगून सांगून थकली, की ब्रेकचं पॅडल दगड झालं होतं, दोन्ही पाय देऊन त्याच्यावर उभी राहिले तरी बोटभर खाली जाईना, हँडब्रेक ओढला म्हणून गाडी शेडच्या अलीकडे थांबली. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि गाडी चालवायला पायात जोर लागतो, एवढंच बोलून ते माती उपसायला लागले. भिंगरी हे नाव त्यांनीच ठेवलेलं. पोरगी एका जागी ठरत नाही म्हणून. आता तिला एका जागी बसवायचं त्यांनी ठरवलं होतं: उद्यापासून गाडी दादा चालवणार आणि भिंगरी गल्ल्यावर बसणार.

दादा म्हणजे काकांचा मुलगा. त्याला गाडी चालवण्यापेक्षा गाडीला टेकून उभं राहण्याची हौस जास्त, पण तो नाही म्हणाला नाही.

"किल्ली दे," काका म्हणाले.

"नाही देणार."

कलमं बांधत बसलेल्या आईने मान वर केली. काकांशी असं बोलतात का, असं तिने नुसत्या डोळ्यांनी विचारलं. भिंगरीने ते डोळे पाहिले आणि किल्ली कुडत्याच्या खिशात आणखी खोल सरकवली. बाकी कुठल्याही कामात तिने नमतं घेतलं असतं. पण या गाडीवर ती शिकली होती, घाटातून तिने झाडं नेली होती, एक फांदी मोडू न देता. दोष गाडीत असताना तो आपल्या पायावर लिहून घ्यायला ती तयार नव्हती.

सकाळी गॅरेजवाला मिस्त्री आला. त्याने बॉनेट उघडलं, तेल पाहिलं, चाकं फिरवून पाहिली. मग इंजिन बंद ठेवून पॅडल कडक होईपर्यंत दाबलं आणि पाय तसाच ठेवून गाडी सुरू केली. पॅडल आपोआप जरासं खाली गेलं. पॅडलच्या पुढे एक गोल डबा असतो, बूस्टर. इंजिनावरचा पंप त्याच्यातली हवा ओढून घेतो आणि त्या पोकळीच्या जोरावर पायाचं ओझं हलकं होतं. पॅडल खाली गेलं, म्हणजे डबा काम करतोय. मिस्त्रीने हात पुसले आणि ब्रेक ठणठणीत असल्याचं जाहीर केलं. ताईंचा पाय हलका असेल, असंही वर जोडलं. दादा खुदकन हसला.

भिंगरीचे कान तापले, पण ती मिस्त्रीचं बोट कुठे कुठे गेलं ते पाहत होती. तपासणी बरोबर होती. चुकली होती ती वेळ. सकाळी निघताना पॅडल मऊच होतं. अडलं ते परतताना, इंजिन तापल्यावर.

"हीच तपासणी गरम इंजिनावर करा," ती म्हणाली.

मिस्त्रीला इतर कामं होती. काकांना त्याहून जास्त होती. भिंगरी बॉनेटसमोर पाय रोवून उभी राहिली आणि म्हणाली, की गरम झाल्यावरही पॅडल मऊ निघालं तर मी स्वतः दादाच्या हातात किल्ली देईन आणि जन्मभर गल्ल्यावर बसेन. दादा म्हणाला, जन्मभर नको, मला सुट्टीच्या दिवशी बदली लागेल.

तिने चाकांना दगड लावले, हँडब्रेक ओढला आणि गाडी अंगणातच चालू ठेवली. धूर नाकातोंडात जायला लागला तशी आई कलमं उचलून पलीकडे गेली. चहा झाला. काकांची चुळबुळ झाली. बॉनेटमधून गरम वाफारा चेहऱ्यावर यायला लागला तेव्हा तिने दार उघडून धरलं.

"काका, तुम्ही बसा. तुमच्या पायात जोर आहे."

काका बसले. पॅडल दाबलं. ते लोण्यासारखं खाली गेलं. काकांनी नुसत्या भुवया वर केल्या.

"आणखी दाबा."

दुसऱ्यांदा जरा जड गेलं. काकांच्या भुवया होत्या तिथे आल्या.

"तिसऱ्यांदा दाबा."

तिसऱ्यांदा पॅडल जागचं हललं नाही. काकांनी पाय बदलला, स्टीअरिंग घट्ट धरलं, सीटवरून अर्धे उठले, मानेच्या शिरा टरारल्या. पॅडल ढिम्म. डब्यात साठलेली पोकळी दोन दाबांत संपली होती आणि नवी तयार होत नव्हती.

मिस्त्री आता बॉनेटमध्ये कमरेपर्यंत वाकला. भिंगरीने त्याच्या शेजारी डोकं घातलं आणि पंपापासून डब्यापर्यंतचा काळा पाइप बोटाने दाखवला. सकाळी गोल असलेला तो पाइप मध्यावर चपटा झाला होता, दोन्ही बाजू एकमेकींना चिकटलेल्या. तिने इंजिन बंद केलं, क्लिप सैल केली आणि फडक्याने धरून पाइप ओढला. वरची काळी टेप सुटली. आत हिरवा रंग निघाला.

तो रंग घरातल्या सगळ्यांना ओळखू येत होता. झाडांना पाणी घालायचा पाइप.

"जुना चिरला होता," काका गाडीतूनच म्हणाले. "आणि हा मी तपासून लावलाय. नळाला जोडून, पूर्ण दाबाने पाणी सोडलं होतं. थेंब गळला नाही."

मिस्त्रीने खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवलं. भिंगरी मात्र हसली नाही. तिने तो पाइप काकांच्या हातात दिला आणि समजावून सांगितलं: पाणी पाइपला आतून बाहेर ढकलतं. इथे पंप आतली हवा ओढून घेतो आणि बाहेरची हवा पाइपला आत दाबते. गार असताना तो तग धरतो. तापला की मऊ होतो आणि मिटतो.

काकांनी पाइप दोन बोटांत दाबून पाहिला. तो अजून कोमट होता, सहज मिटला. बराच वेळ ते तो मिटवत आणि सोडत राहिले. मग म्हणाले, शेडमध्ये याच्याहून जाड पाइप पडलाय.

"तो नाही लागणार. आत विणलेल्या धाग्यांचा थर असलेला, यासाठीचाच पाइप लागेल. मिस्त्री आणतील. तोवर गाडी हलणार नाही."

"बागवाले झाडांची वाट बघतायत. गिऱ्हाईक तुटेल."

"तुटू दे."

आजवर या अंगणात हे दोन शब्द काकांना कुणी ऐकवले नव्हते. आईच्या हातातली कलमाची पट्टी अर्ध्यावर थांबली. काकांनी मिस्त्रीकडे पाहिलं, पण मिस्त्री हत्यारं गोळा करण्यात गुंतला होता. त्यांनी दादाकडे पाहिलं. दादा गाडीपासून चार पावलं लांब जाऊन उभा होता.

दुपारी मिस्त्रीने नवा पाइप बसवला. भिंगरीने पुन्हा इंजिन तापवलं आणि स्वतः पॅडल दाबत राहिली, पाय भरून येईपर्यंत. दर वेळी ते सहज खाली गेलं. दरम्यान काकांनी झाडं मागच्या हौद्यात चढवली होती आणि ते दादाला हाक मारत होते.

"दादा कशाला?" तिने खिडकीतून विचारलं.

"दोरी बांधायला," काका म्हणाले, आणि मागची फळी लावून घेतली.