बेचाळीस डोकी

"एक्केचाळीस, बेचाळीस. बरोबर!" मी पाटीवर आकडा लिहिला आणि वॉर्डाच्या दाराला कुलूप घातलं. सदतीस सालचा नोव्हेंबर होता, संध्याकाळचा चहा-पाव चालला होता. आमच्या वेड्यांच्या इस्पितळात पाळी बदलली की आधी सुऱ्या मोजायच्या, मग डोकी. दोन्ही जुळलं की नर्स निर्धास्त. त्या वॉर्डात माझा तिसराच दिवस होता, चेहरे अजून ओळखीचे नव्हते.

"सिस्टर, मी इथली नाही," टेबलाच्या टोकाची बाई म्हणाली. करडा स्वेटर, किरकोळ अंग. "विनिफ्रेड थरलो माझं नाव. मी कादंबऱ्या लिहिते, अशाच जागांवर. मेट्रननी मला बघायला बसवलंय. मी पाहुणी आहे."

शेजारची म्हातारी ॲग्नेस खो खो हसली. "अगं, मीपण पाहुणीच! एकोणीसशे अकरापासून मुक्कामाला आहे."

सगळं टेबल हसलं. मीही हसले, खोटं कशाला बोलू? तेव्हा माझी जीभ फार तिखट होती. "हो का? मग मी राजाची आत्या! पाव संपवा मुकाट्यानं."

ती रडली नाही, ओरडली नाही. नंतर कळलं, तरुणपणी दोन वर्षं तिनं अशाच ठिकाणी काढली होती. ओरडणारीचं काय होतं, ते तिला पक्कं ठाऊक होतं. ती हळूच म्हणाली, "मी वेडी असेन, तर तुमचा आकडा बरोबर. नसेन, तर तुमची एक बाई कमी आहे. ती कुठंय?"

मी यादी काढून नावं घ्यायला लागले. आयडा, मॉड, ॲग्नेस... एकेक जण "हो" म्हणत गेली. हेस्टर पिम म्हटलं, आणि कुणीच बोललं नाही.

"ती टबात आहे की," ॲग्नेस पाव चघळत म्हणाली. "दुपारीच नेली. गात होती बिचारी. मग गप्प झाली."

गोंगाट करणारीला आम्ही कोमट पाण्याच्या टबात ठेवायचो, वरून जाड कापड आवळून, फक्त डोकं बाहेर. दुपारची नर्स तिला ठेवून, विसरून घरी गेली होती. मी धावले. थरलोबाई माझ्यामागे. पाणी गारढोण. हेस्टर उघड्या डोळ्यांनी छताकडे बघत होती, ओठ निळे. माझ्यानं गाठी सुटेनात. त्या थरलोबाईंनी सोडवल्या. फार उशीर झाला होता.

"आकडा जुळला होता हो," मी रडत म्हणाले.

"नेहमीच जुळतो," त्या म्हणाल्या आणि हेस्टरचे डोळे मिटले.

दोन वर्षांनी त्यांचं पुस्तक आलं. माझी चामडी सोलली असणार, म्हणून चोरासारखं उघडलं. मी त्यात कुठंच नव्हते. पहिल्या पानावर तेवढं लिहिलेलं: 'हेस्टर पिमला.'

आमच्या दफनभूमीत थडग्यांवर नावं नसतात, लोखंडी पट्टीवर नुसते नंबर. तिचा दोनशे सोळा. पुस्तक उघडलं त्याच रविवारी मी माळ्याकडून खिळा मागून घेतला आणि ओल्या गवतात गुडघे टेकून त्या पट्टीवर तिचं नाव कोरायला बसले. लोखंड चिवट होतं. 'हेस्टर' एवढं झालं, आणि अंधार पडला.