स्पिरिटला वास नव्हता

कंपाउंडर गेला. पण हे एवढ्यात मनावर घ्यायचं कारण नाही. डॉक्टरांनीही घेतलं नाही. तेव्हा तो गेलेला नाही. तो काउंटरमागे उभा आहे आणि डॉक्टर त्याच्यावर खेकसताहेत.

"स्पिरिटमध्ये पाणी घातलंस?"

"मी? अहो डॉक्टर, आजवर तुम्ही सांगितलंत तेव्हा औषधात घातलं. स्वतःच्या मनानं थेंब नाही."

डॉक्टरांनी कापसाचा बोळा पुन्हा नाकाशी धरला. साथ आल्यापासून या दवाखान्याची रीतच होती: येईल त्याला आधी स्पिरिटचा बोळा हुंगायला द्यायचा. वास आला तर आत, नाही आला तर थेट तपासणीला रवाना. रोजचा पहिला बोळा डॉक्टर स्वतः हुंगत. आज त्याला कसलाच वास नव्हता.

"भेसळ आहे. दुसरी बाटली फोड."

दुसरीलाही नव्हता. कंपाउंडरनं चष्मा कपाळावर ढकलला, मास्क खाली केला आणि स्वतः हुंगून पाहिलं. पीपीई किट कुठंच मिळत नव्हतं, म्हणून डॉक्टर रेनकोट घालून बसत आणि कंपाउंडर भाचीचा पोहण्याचा गुलाबी चष्मा लावून.

"खरंच हो, नुसतं पाणी! हल्ली कुणाचा भरवसा नाही राहिला."

"तुलाही येत नाही ना? मग झालं तर. दोघांची नाकं एकदम कशी बिघडतील?"

एकाचा आजार दुसऱ्याला कसा होतो, हे दिवसभर लोकांना घसा फोडून सांगणाऱ्या माणसाचं हे वाक्य. कंपाउंडरनं त्याला मान डोलावली आणि तिसरी बाटली फोडली. निम्मी फरशीवर सांडली.

तेवढ्यात गुडघेदुखीवाल्या आजी दारात आल्या आणि नाक दाबून तिथंच थबकल्या.

"अगंबाई! दवाखाना आहे की गुत्ता?"

डॉक्टरांनी हातातल्या बोळ्याकडे पाहिलं. कंपाउंडरनं घाईनं मास्क वर चढवला.

"आजी, घरी जा," डॉक्टर म्हणाले. "इथं थांबू नका."

"आणि गुडघा?"

"तोही घेऊन जा."

आजी गेल्या आणि कंपाउंडर खोकला. सकाळपासून तो खोकला गिळत होता, हे डॉक्टरांना आत्ता कळलं. त्यांनी ऑक्सिमीटर आधी स्वतःच्या बोटाला लावला. आकडा ठीक होता. मग त्याच्या बोटाला लावला.

"सेल उतरलेत," डॉक्टर म्हणाले.

नवे सेल घातले. आकडा आणखी खाली आला.

"सेलमध्येही भेसळ," कंपाउंडर म्हणाला. हसायला गेला आणि त्याला धाप लागली.

डॉक्टरांनी ओळखीच्या हॉस्पिटलला फोन लावला.

"एकच खाट आहे," तिकडची बाई म्हणाली. "डॉक्टर लोकांसाठी राखीव. तुम्ही या."

"मी धडधाकट आहे. माझ्या माणसाला द्या."

"ते डॉक्टर आहेत?"

"अर्धी वस्ती त्यालाच डॉक्टर समजते. मला कंपाउंडर."

"नोंदणी क्रमांक सांगा."

डॉक्टरांनी सांगितला.

"हा तुमचा आहे."

"आम्ही दोघं मिळून वापरतो. बाई, पाया पडतो तुमच्या."

फोन ठेवला गेला. डॉक्टरांनी पुन्हा लावला, मग दुसरीकडे, मग जिथं जिथं कुणी उचलेल तिथं. रेनकोटच्या आत ते घामानं निथळत होते.

"राहू द्या हो," कंपाउंडर म्हणाला. तो जाऊन पेशंटच्या बाकावर बसला होता. "जन्मभर लोकांना हेच सांगत आलोय, बसा, नंबर आला की बोलावतो. आता माझी पाळी."

नंबर आला, खाट मिळाली, पण तोवर बाकावरचा माणूस नुसता उचलून नेण्यासारखा उरला होता.

डॉक्टरांना साधा ताप येऊन गेला. दवाखाना पुन्हा उघडला त्या सकाळी त्यांनी उरलेल्या बाटलीत बोळा बुडवून हुंगला. डोळ्यांतून पाणी येईल असा भपकारा आला. स्पिरिट अस्सल होतं.

बाकावर माणसं खोळंबली होती. नंबर पुकारायला कुणी नव्हतं. डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली, स्वतःच्या नावाचा कागद घेतला आणि आजवर शेकडो जणांना दिला तसा, कंपाउंडरच्या नावानं दाखला लिहिला:

'संबंधितांस. सदर इसमास मी स्वतः तपासले असून तो कामावर रुजू होण्यास पूर्णपणे तंदुरुस्त आहे. पूर्वीचे आकडे सदोष सेलमुळे आले होते. तरी त्यास आपल्या ताब्यातून तात्काळ मुक्त करण्यात यावे, ही विनंती. पेशंट खोळंबले आहेत.'