बसल्या जागचा राजा

झिपरू नाना भर नाटकात उभे राहिले. हे घडलंच नाही असं धरून आपण मुकाट्याने पुढे जाऊ, कारण त्यांच्या मुलीचं शास्त्र तसंच म्हणतं.

मुलगी म्हणजे चारुलता. जळगावला ती म्हाताऱ्या उंदरांच्या स्नायूंवर संशोधन करते आणि उरलेल्या वेळात नाटकं लिहिते. शोधनिबंध परत येतात, भाषा नाटकी आहे म्हणून. नाटकं परत येतात, पात्रं हलत नाहीत म्हणून.

यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, शिंदखेड्याजवळच्या त्यांच्या गावात तिचं नाटक ठरलं आणि नानांनी राजाचं काम मागितलं. जन्मभर गावच्या नाटकातला राजा तेच होते. पण आता मांड्यांच्या पार काड्या झालेल्या. छातीवर हात बांधून खुर्चीतून उठायची चाचणी तिने घरीच घेतली; नाना नापास. गावासमोर बाप कोसळला तर, या धास्तीने तिने राजाला तिन्ही अंक सिंहासनाला चिकटवून टाकलं. लढाईसुद्धा त्याच्याकडे चालत यायची.

नाना एवढंच म्हणाले, "उंदीरसले पळाडस, आनि बापले बसाडी ठेवस."

तिने सगळा विचार केला होता, फक्त टॉवेल-टोपीचा सोडून. दुसऱ्या अंकात, ऐन लढाईत, गावातर्फे मगन आबा टॉवेल-टोपी घेऊन जुन्या राजाच्या सत्काराला रंगमंचावर चढले. आता टोपी काही कुणी बसून घेत नाही. शत्रूनेही तलवार खाली केली.

नानांनी हातांवर जोर दिला. सिंहासन करकरलं, नाना तिथेच.

चारुलता विंगेतून धावली. नाटकात तिचं पात्र नव्हतं. तिने खांदा पुढे केला, नानांनी त्यावर पंजा रोवला आणि ते इंचाइंचाने वर आले. त्यांच्या मांडीची थरथर तिला स्वतःच्या पाठीत जाणवत होती. तेवढ्यात आबांनी टोपी त्यांच्या डोक्यावर ठेवली.

"धर माय," ते कुजबुजले, "टोपी पडी जाई."

स्वतः पडायचा विषयच नव्हता.

प्रधान झालेला स्वप्नील मात्र पाठ केलेलं वाक्य म्हणूनच मोकळा झाला, "महाराज, आपण कधी उठत का नाही?" गावाने हे अत्यंत गांभीर्याने ऐकून घेतलं. महाराज बापलेकीच्या चार पायांवर उभे होते.

चाचणीच्या नियमात आधार घेतला की उठणं शून्य. चारुलताने शून्यच मांडलं आणि जळगावला परतल्यावर संस्थेकडे रीतसर अर्ज केला:

"विनंती की, प्रयोगशाळेतील वृद्ध उंदरांचा गावासमोर टॉवेल-टोपी देऊन सत्कार करण्यास मंजुरी मिळावी, व त्या प्रसंगी प्रत्येक उंदरास त्याची स्वतःची एक मुलगी आधारासाठी उपलब्ध करून देण्यात यावी."